कापडी पिशवी आणि चालू गाडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, की हवामान बदल हे सगळं मोठ्या कंपन्यांचं पाप आहे, १०० कंपन्याच ७१ टक्के प्रदूषण करतात, मग सामान्य माणसाने कशाला टेन्शन घ्यायचं. वाचून आधी बरं वाटलं (कोणाला नाही वाटणार), पण मग ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

तो आकडा २०१७ च्या एका रिपोर्टमधला आहे, १९८८ पासूनच्या औद्योगिक उत्सर्जनाचा. त्यात गोम अशी की त्या यादीत कोळसा, तेल आणि गॅस काढणारे आहेत, आपली कोल इंडियासुद्धा आहे, आणि त्यांच्या नावावर मांडलेला जवळजवळ ९० टक्के धूर त्यांनी विकलेला माल दुसऱ्या कोणीतरी जाळल्यावर निघालेला आहे. हे दुसरं कोणीतरी म्हणजे वीजकेंद्रं, कारखाने, आणि कर्वे रोडच्या सिग्नलला उभे असलेले आपण.

कंपन्यांना क्लीन चिट द्यायची नाहीये मला. कार्बन फूटप्रिंट (म्हणजे आपल्यामुळे हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशोब) हा शब्द घरोघरी पोचवला तो बीपी या तेल कंपनीनेच, २००४-०५ च्या सुमाराला जाहिराती करून, की आपापला फूटप्रिंट मोजा. दारूच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हातात वही देऊन, किती प्यालास ते लिहून ठेव बरं का, म्हणावं तसलाच प्रकार. पण म्हणून गिऱ्हाईक प्यायलंच नाही असं होत नाही ना!

परवाची गोष्ट सांगते. आमच्या कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ संध्याकाळी भाजी घेत होते, शेजारी एक बाई आल्या, हातात छान भरतकाम केलेली कापडी पिशवी, आणि भाजीवालीने पालकाची जुडी प्लॅस्टिकमध्ये घालायला घेतली तशा तिच्यावर डाफरल्या की अगं तुम्हा लोकांना कळत नाही का, पृथ्वी तापतेय. मागे त्यांचे मिस्टर गाडीत बसलेले, काचा बंद, एसी चालू, इंजिन चालू, मोबाईल बघतायत. भाजीवालीने शांतपणे पालक पिशवीत टाकला आणि म्हणाली, ताई, साहेबांना गाडी बंद करायला सांगा ना, मघापासून सगळा धूर माझ्या भाजीवर येतोय.

मी घरी येऊन भाच्याला विचारलं, तो इंजिनियर आहे. तो म्हणाला, एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साईड निघतो. मला पटेना, कारण लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलोच्या आसपास, मग त्यातून सव्वादोन किलो कसा निघेल? तर म्हणाला, मावशी, जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो, वजन त्याचं. म्हणजे ती गाडी एसी लावून वीस मिनिटं उभी राहिली आणि पाव लिटर पेट्रोल गेलं तर अर्ध्या किलोच्या वर झाला. पाच ग्रॅमची प्लॅस्टिक पिशवी बनवताना दहा-पंधरा ग्रॅम होत असेल. चाळीस-पन्नास पिशव्या नाकारल्या तेव्हा कुठे त्या वीस मिनिटांची भरपाई. पिशवी नाकारावीच, नाले तुंबतात, गायी खातात, पण तो कचऱ्याचा प्रश्न झाला. आपण कचरा आणि हवामान याची खिचडी केलीय, आणि मला वाटतं मुद्दाम केलीय, कारण पिशवी बदलणं स्वस्त पडतं आणि गाडी, एसीला हात लावायचा नसतो.

एसीचं काय बोलायचं. आमच्या मजल्यावर एकजण १८ वर एसी लावून रजई घेऊन झोपतात. २०२० पासून नवीन एसी मुळात २४ वरच सेट होऊन येतात, एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं सरकारचा ऊर्जा विभागच सांगतो, पण रिमोट आपल्या हातात आहे ना. आपल्याकडे अजूनही बरीचशी वीज कोळशावर होते, एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साईड धरा.

आणि सोसायटीची मीटिंग! गच्चीवर सोलर बसवायचा विषय तीन वर्षं अजेंड्यावर आहे, लिफ्ट आणि पंपाचं बिल दर महिन्याला बघून सगळे हळहळतात, सूर्यघर योजनेत सोसायट्यांना कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे हेही वाचून दाखवून झालं, तरी यंदा एक काका उठून म्हणाले, मग कोजागिरी कुठे करायची? एका रात्रीच्या मसाला दुधासाठी वर्षभराचं ऊन वाया! यात बीपी कुठे आली आणि कोल इंडिया कुठे आली, सांगा. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला.

आता स्वतःबद्दल लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई लोकांचेच दोष काढतायत. मी मंडईत जायला मेट्रो घेते, आनंदनगरहून सिव्हिल कोर्टला जायचं आणि तिथे बदलायची, सोपं आहे, आणि त्याचा मला बराच गर्व होता. पण मुलगा न्यू जर्सीला असतो आणि नातवाला बघायला मी दरवर्षी जाते. मुंबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन एका माणसामागे दोनेक टन होतात असं भाच्याने काढून दाखवलं, आणि भारतात एका माणसाचा अख्ख्या वर्षाचा कार्बन डायऑक्साईड सरासरी साधारण तेवढाच आहे. म्हणजे मी मेट्रोने कितीही फिरले तरी, आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या, बसने फिरणाऱ्या बाईंचा वर्षभराचा सरासरीहूनही कमीच असणार, त्याहून जास्त मी एका फेरीत उडवते आणि वर तिला ओला-सुका कचरा शिकवते.

मुलाला फोनवर म्हटलं की यावर्षी नाही येत. तो म्हणाला, आई, तू नाही आलीस म्हणून विमान उडायचं थांबणारे का? म्हटलं, अरे, पेपरात एकाने हेच लिहिलंय, त्यालाच उत्तर लिहितेय. तर आता एक वर्षाआड जायचं आणि दोन महिन्यांऐवजी चार महिने राहायचं असं मी ठरवलंय. सूनबाईला अजून सांगितलेलं नाही.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे