काका, तुमच्या किरकिरीबद्दल जाहीर आभार

ती. काका आणि काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्हाला घरी येऊन थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच "चहा घेणार का" विचारून विषय बदलता, आणि फोनवर तर तुम्ही माझं ऐकतच नाही, डायरेक्ट "टायर बघितलेस का परत आल्यावर" हेच. म्हणून आता इथे, मराठीत, सगळे वाचतील असं. आम्ही दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक करून आलो, मॅरीपासून मार्लापर्यंत सहाशेवर किलोमीटर बहुतेक सगळा कच्चा रस्ता, मागे कॅरव्हॅन, म्हणजे गाडीने ओढायचं चाकांवरचं घर, गाडीत आम्ही तिघं, आणि सगळे धड परत आलो. यात आमचं कौतुक जेवढं आहे त्याच्या दुप्पट तुमचं आहे.

तुम्ही मदत केलीत ती रस्त्यावर नाही, तुमच्या ड्राइव्हवेत. लोकांना वाटतं आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात, मदत म्हणजे कोणीतरी वाळूतून गाडी ओढून काढतं. तुम्ही आमची गाडी वाळूत जाऊच नये याची व्यवस्था केलीत, आणि ती करताना इतकी किरकिर केलीत की माझा नवरा एकदा म्हणाला, कॅरव्हॅन विकून बालीला जाऊया.

वजनाचंच बघा. आम्हाला वाटत होतं, गाडी ३५०० किलो ओढते असं ब्रोशरमध्ये लिहिलंय, कॅरव्हॅन त्यापेक्षा कमी आहे, झालं, निघू. तुम्ही म्हणालात ब्रोशर बाजूला ठेवा आणि सगळं सामान भरून, पाण्याच्या टाक्या भरून, तिघं आत बसून वजनकाट्यावर चला. मग तुम्ही समजावलंत की गाडीची ओढायची ताकद वेगळी आणि गाडी, कॅरव्हॅन, माणसं, सामान सगळं मिळून किती चालेल तो आकडा वेगळा, आणि बहुतेक लोक दुसऱ्या आकड्याकडे बघतच नाहीत. ९५ लिटरच्या दोन टाक्या म्हणजे नुसतं पाणीच १९० किलो, हे मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. हिचवर, म्हणजे कॅरव्हॅन गाडीला जोडतात तिथे, येणारं वजन कॅरव्हॅनच्या साधारण दहा टक्के हवं, जड सामान खाली आणि ॲक्सलच्या जवळ, मागच्या टोकाला काहीही जड लटकवायचं नाही, नाहीतर मागचा डबा डुलायला लागतो. आणि डुलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक हाताने लावायचे. हे तुम्ही माझ्याकडून इतक्यांदा म्हणून घेतलंत की आता झोपेतही सांगेन.

जनरेटर उतरला, दोन जास्तीच्या खुर्च्या उतरल्या, नवऱ्याचा अर्धा टूलबॉक्स उतरला. माझ्या बिडाच्या तव्यावर पण तुमची नजर होती, पण तेव्हा काकू मध्ये पडल्या आणि म्हणाल्या तो राहू दे, तो गेला तर ही पोरं ब्रेड खातील. काकू, त्या तव्याबद्दल स्वतंत्र आभार. वाटेतल्या कावर्ड स्प्रिंग्जच्या कॅम्पला त्यावर केलेली थालीपीठं शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजीआजोबांनी पण खाल्ली आणि आजीने रेसिपी लिहून घेतली, भाजणी कुठून आणणार देव जाणे.

मग ते रिव्हर्स. मला खरंच येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं, नवरा आहे ना. तुम्ही म्हणालात, त्याला काही झालं, पाय मोडला, ताप आला, तर दोनशे किलोमीटरवर पब आणि तू काय करणार? रविवारी त्या बंद गोडाऊनच्या पार्किंगमध्ये नेऊन कोन लावलेत, आणि एकच गोष्ट सांगितलीत, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर आणि कॅरव्हॅनला जिकडे न्यायचंय तिकडे हात ने. बास. आधी मी पाहिलेले सगळे व्हिडिओ याच्यापुढे फुकट. आणि मागे उभं राहून ओरडायचं नाही, हातातल्या रेडिओवर बोलायचं, हा काकूंचा नियम तर लग्न टिकवणारा आहे. आउटबॅकच्या कॅम्पमध्ये संध्याकाळी लोक खुर्च्या टाकून नव्याने आलेल्यांचं पार्किंग बघतात, तोच त्यांचा टीव्ही. आमच्यात बघण्यासारखं काही नव्हतं, निराश झाले बिचारे.

आता प्रवासाचं सांगते, कारण तुम्ही सगळं विचारलंत पण मी नीट सांगितलंच नाही. अ‍ॅडलेडहून क्वॉर्न, हॉकर करत वर गेलो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ते पडके दगडी वाडे बघत गेलो. १८६५ मध्ये गोयडर नावाच्या सर्व्हेयरने नकाशावर रेघ मारून सांगितलं होतं की याच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, शेती करू नका, पुढे थोडी चांगली वर्षं आली, लोकांना वाटलं हा काय सांगतो, गहू पेरत वर वर गेले, मग दुष्काळात सगळं सोडून परत आले. भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला यात वेगळं काही सांगावं लागत नाही.

मॅरीला पोचलो तर आदल्या रात्रीच्या पावसाने ट्रॅक बंद. बोर्डवर क्लोज्ड. शेजारच्या एका गाडीवाल्याने सांगितलं की जाता येतं हो, कोण बघतंय. नवरा माझ्याकडे बघायला लागला आणि मी तुमचं वाक्य म्हटलं, "बंद म्हणजे बंद, दंड तर होतोच पण ओल्या रस्त्यात तुमच्या चाकांनी पडलेल्या खाचा पुढचे सगळे महिनोन्महिने भोगतात." थांबलो. आणि थांबलो म्हणून मॅरी नीट बघितलं, नाहीतर डिझेल भरून सुटलो असतो. तिथे पूर्वी उंटांवरून माल नेणाऱ्या उंटवाल्यांच्या जुन्या मशिदीसारखीच उभारलेली छोटीशी मशीद आहे, मातीची आणि गवताच्या छपराची, खजुराची झाडं आहेत, जुन्या घान रेल्वेची इंजिनं गंजत उभी आहेत. या उंटवाल्यांना सरसकट अफगाण म्हणायचे पण त्यातले कितीतरी बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे. बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांच्या मोहिमेसाठी १८६० मध्ये उंट आणले ते कराचीच्या बंदरातून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात! लेकीला हे सांगितल्यावर ती म्हणाली म्हणजे आपल्याआधी आपले उंट आले इथे. काका, ही माहिती तुमचीच, तिने शाळेत स्वतःची म्हणून सांगितली.

रस्ता उघडला आणि निघालो. टायरची हवा कमी केली, तुम्ही डॅशबोर्डवर चिकटवलेल्या चिठ्ठीप्रमाणे, आणि हवा कमी तर स्पीड पण कमी हे त्याच चिठ्ठीवर लाल पेनने. पहिल्यांदा ते कॉरुगेशन लागले तेव्हा कळलं तुम्ही काय म्हणत होतात, पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं, दात वाजतात, आणि प्रत्येकजण सांगतो जोरात हाणा म्हणजे वरून तरंगत जाते. गाडी जाईलही, मागे तीन टनाचं घर आहे त्याच्या शॉक अब्जॉर्बरचं काय? आम्ही आपले साठ-पासष्टने. मागून येणाऱ्याला रेडिओवर चॅनल ४० वर सांगायचं, बाजूला घेतो, जा. लोक गेले. त्यातल्या एकाची कॅरव्हॅन पुढे रस्त्याच्या कडेला एका बाजूला बसलेली दिसली, थांबून विचारलं, पाणी हवं का, मदत मागवलीय म्हणाले.

गाडीच्या मागच्या काचेला बाहेरून काकूंची जुनी योगा मॅट बांधली होती ती बघून सुरुवातीला मला लाज वाटत होती. गाडीच्या चाकांनी उडालेले दगड कॅरव्हॅनच्या तोंडावर आपटून उलटे येतात आणि मागची काच फोडतात हे तुम्ही सांगितलं होतंत, मला अतिशयोक्ती वाटली होती. मॅटची पार चाळण झालीय. काकू, नवीन मॅट घेऊन देणार आहे, नाही म्हणू नका.

आणि आता ते चाक. प्रत्येक थांब्याला उतरून कॅरव्हॅनचे चारही हब, म्हणजे चाकांचा मधला भाग, हात लावून बघायचे, हा तुमचा नियम आम्ही पाळत होतो खरा पण कंटाळत, कारण दरवेळी चारही सारखेच कोमट. कावर्ड स्प्रिंग्जला पोचलो, आणि डावीकडच्या मागच्या हबवर हात ठेववेना. बाकी तिन्ही कोमट. तुम्ही सांगितलंच होतं की पाणी ओतायचं नाही, आपोआप थंड होऊ द्यायचं. थंड होईपर्यंत लेकीला घेऊन बोअरच्या पाण्याच्या त्या कुंडात बसून आले, जुने रेल्वेचे स्लीपर लावून केलंय, पाणी छान कोमट, आणि मी आत बसून फक्त चाकाचा विचार करत होते.

मग श्रीखंडाचा डबा निघाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काकांनी निघताना रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात बेअरिंगचा सेट, ऑइल सील, कॉटर पिना, चिंध्या आणि वेगळ्या पिशवीत ग्रीस असं भरून दिलं होतं, वर मार्करने "चाक, कुठलंही" असं लिहून. नुसतं दिलं नाही, आधी ड्राइव्हवेत आमच्याकडून एक चाक उघडून परत बसवून घेतलं होतं, नवऱ्याने केलं, मग परत उघडून माझ्याकडून. म्हणून तिथे हात थरथरले नाहीत. सील गेलं होतं, ग्रीस काळं पडून त्यात लाल धूळ, बेअरिंगच्या रोलरवर निळसर डाग. तुमचाच सॅटेलाईट फोन लावून तुम्हाला विचारलं आणि तुम्ही झोपेतून उठून सांगितलंत, नट आवळ, चाक फिरव, मग किंचित सैल कर, चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे पण धरून हलवलं तर खडखडलं नाही पाहिजे. आणि मग म्हणालात, आता जेवा. थालीपीठं त्याच रात्रीची.

सांगायचं एवढंच की तो हब तसाच राहिला असता तर पुढच्या वस्तीकडे, विल्यम क्रीककडे, जाताना चाकच निखळलं असतं कदाचित, आणि तिथून टो करून आणायचं म्हणजे किती हजार डॉलर आणि किती दिवस, याचे किस्से आम्ही पबमध्ये ऐकले. तुम्हाला त्याचं काही विशेष वाटत नाही हे मला माहीत आहे. मला वाटतं.

बाकी सगळं मग मजेत. कावर्ड स्प्रिंग्जहून थोडं मागे येऊन बबलर बघितला, ओसाड माळावर टेकाडाच्या डोक्यावर पाण्याचे बुडबुडे, जमिनीखालचं ते ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी असं वर येतं आणि याच झऱ्यांच्या आधाराने आधी आदिवासींच्या वाटा, मग १८७२ ची तारायंत्राची लाइन, मग रेल्वे गेली. त्याच्या अलीकडे लेक आयर साउथच्या कडेला उभं राहिलो होतो, नुसतं मीठ, पांढरंशुभ्र, लेक आयर म्हणजे देशातला सगळ्यात खोलगट भाग, सगळ्यात खालची जागा समुद्रसपाटीच्या साधारण पंधरा मीटर खाली, आणि १९७४ मध्ये म्हणे हे काठोकाठ भरलं होतं. अल्जेबकिनाचा जुना रेल्वे पूल तर वेडा आहे, ५७८ मीटर लोखंड आणि खाली नदी नावाला. ऊडनाडाटाला गुलाबी रोडहाउसवर बर्गर खाल्ला, इथे १९६० मध्ये ५०.७ डिग्री होतं हे वाचून नवरा लगेच सावलीत जाऊन बसला, जुलै म्हणजे इथला हिवाळा असूनसुद्धा. मार्लाला डांबर लागल्यावर टायरमध्ये हवा भरताना मला चक्क वाईट वाटलं.

काकू, मिसळणाचा डबा घरी ठेव आणि फिरकीच्या झाकणाच्या बरण्या घे हे तुमचं ऐकलं म्हणून आमची हळद हळदीच्याच जागी होती. शेजारच्या कॅम्पमधल्या गुजराती कुटुंबाच्या कपाटात सगळं एकत्र झालं होतं, ते म्हणाले आता सगळ्या भाज्या सारख्याच लागतात.

आता कामाचं. सॅटेलाईट फोन परत आणून देतेय, चार्जर सकट. डावीकडच्या पुढच्या शॉकचा बुश गेलाय असं नवऱ्याचं म्हणणं आहे, माझं म्हणणं आवाज स्टोन गार्डचा, म्हणजे दगड अडवणाऱ्या जाळीचा आहे, तुम्ही खाली वाकून सांगा कोण बरोबर. पुढच्या वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडचं, तशाच कच्च्या रस्त्याचं, डोक्यात आहे, त्यामुळे रविवारी सकाळी कॅरव्हॅन घेऊनच येतोय, पुढून बघा, मागून बघा, हवी तेवढी किरकिर करा. ड्राइव्हवेत रिव्हर्स मीच घेणार आहे, गेट उघडं ठेवा आणि काकूंची स्कूटर जरा आत घ्या.

तुमची,
बेअरिंगवाली