मेस्तकाका, थँक्यू म्हटलं की चिडता, तरी म्हणते

मेस्तकाका, हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, नातू वाचून दाखवेल, त्याने मधलं काही गाळू नये एवढंच.

पणजीची अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइल्सच्या फ्रेम्सची ऑर्डर चवथीच्या आधी गेली आणि सगळे कोपरे घट्ट बसले. टाइल हातात तोलून तुम्ही म्हणाला होतात, "नुसत्या ग्लूवर पंचेचाळीसचा कोपरा हे वजन धरायचा नाही गो, कापलेलं तोंड ग्लू पिऊन टाकतं." मग चवथीची स्वतःची कामं बाजूला ठेवून कोपऱ्यात खाच मारून पातळ पट्टी कशी सरकवायची ते दाखवलंत. वेंगे लाकडाच्या काळ्या फ्रेमला पडौक लाकडाची लाल पट्टी, लोकांना ती डिझाइन वाटते, खरं तर सगळा भार तीच धरते.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट पावसाची. बाहेरून येणारं लाकूड भट्टीत सुकवलेलं असतं आणि डिचोलीच्या जुलैत ते हवेतलं पाणी ओढतं, लांबीला जवळजवळ काहीच फरक नाही पण रुंदीला फुगतं, म्हणून कोपरा बाहेरच्या टोकाला उघडतो, आणि तीच फ्रेम एसीच्या खोलीत जाऊन आकसली की आतल्या बाजूला फट! तुम्ही हे पेन्सिलने फळीवर काढून दाखवलंत तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कट बरोबर असूनही फट पडू शकते. म्हणून फ्रेमच्या बाजूंना रुंद लाकूड कमी वापरायचं, ते आधी आठवडा-दोन आठवडे आपल्याच हवेत ठेवायचं, आणि काच फ्रेममधल्या तिच्या खाचेपेक्षा दोन-तीन एमएम लहान कापायची. हे सगळं यूट्यूबवरही असेल, पण माझ्या फळीकडे बघून बोलणारं कोणी नव्हतं.

आणि तेलकट लाकडाचं. शिसव काय, पडौक काय, ग्लू लावायच्या जरा आधी थिनरने पुसायचं आणि ताज्या रंधा मारलेल्या तोंडावरच जोडायचं, उद्यावर ठेवायचं नाही. तुमचा मास्कचा ओरडा पण ऐकते हं, शिसवाची धूळ नाकात गेली की दिवसभर शिंका. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप पेट घेतात, ती आता दोरीवर पसरते. आई विचारते हे कसलं धुणं.

गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हेही तुमच्याकडूनच घेतलं. पर्पलहार्ट लाकडाचा जांभळा आणि पडौकचा लाल उन्हात तपकिरी होतो हे आधीच सांगायचं, मग कोणी ऑर्डर काढून घेतली तरी चालेल. दोघांनी घेतली पण, जाऊदे. २०१७ पासून शिसवाच्या जातकुळीतली (डालबर्जिया) सगळी झाडं सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, तुम्हाला त्या यादीचं नाव माहीत नसेल, पण "बिल बघितल्याशिवाय फळीला हात लावू नको" हा तुमचा नियम तिच्यापेक्षा जुना असणार.

पैसे घेतले नाहीत, निदान वेंगेचे उरलेले तुकडे तरी घ्या, पटाशीच्या मुठीला छान होतील. तुमचे दोन क्लॅम्प माझ्याकडेच आहेत, रविवारी घेऊन येते. काकूंना सांगा जेवायला थांबणार आहे.