हेराचे माहेर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू ग्रीक पुराणकथांतल्या अकिलीस या वीराच्या आईचे नाव टेथिस असे लिहिले होतेस, म्हणून लगेच लिहायला बसलो. अकिलीसची आई थेटिस. टेथिस ही त्या थेटिसची आजी, तिच्या आईची, म्हणजे डोरिसची आई. नावांच्या सारखेपणामुळे हा घोटाळा नेहमी होतो, पण नातीच्या प्रसिद्धीत ही आजी हरवावी, हे मला मनापासून खटकते.

हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या 'थिओगनी' या देवांच्या वंशावळीच्या काव्यात टेथिस ही आकाश आणि पृथ्वी यांची कन्या आहे. पृथ्वीला वेढून वाहणारा ओकेआनोस हा तिचा भाऊ आणि पतीही. त्यांच्यापासून नाईल, डॅन्यूब अशा नद्या आणि तीन हजार जलकन्या जन्मल्या. ग्रीकांच्या नद्या पुरुष आहेत, हे गोदामाई, कृष्णामाई म्हणत वाढलेल्या आपल्याला जरा परके वाटते.

मला ती खरी भेटली होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या चौदाव्या सर्गात. देवराज झ्यूसला भुलवण्यासाठी त्याची पत्नी हेरा प्रेमदेवता अफ्रोडाइटीकडे मोहिनी मागते, तेव्हा सांगते की, ओकेआनोस आणि माता टेथिस यांच्यात कितीतरी दिवसांचा अबोला आहे, ते एका शेजेवर निजत नाहीत, त्यांचा समेट घडवायला मी निघाले आहे. झ्यूसने आपला पिता क्रोनस याला पाताळात लोटले, त्या धामधुमीत हेराला तिची आई रिआ हिने याच दोघांच्या हाती सोपवले होते आणि त्यांनीच तिला लाडाने वाढवले. सबब खोटी असूनही अफ्रोडाइटीला ती पटते, झ्यूसलाही पटते. लेक माहेरी निघाली तर तिला कोण अडवणार?

युफ्रेटिसकाठच्या झ्यूग्मा नगरातील एका मोझेकमध्ये, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रात, टेथिसच्या कपाळावर दोन पंख आहेत आणि शेजारच्या ओकेआनोसच्या डोक्यावर खेकड्याच्या नांग्या. ते पंख मी कितीतरी वेळ न्याहाळत होतो.

एडुआर्ड स्यूस या भूवैज्ञानिकाने 1893 मध्ये एका लुप्त समुद्राला तिचे नाव दिले. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, तसा तो समुद्र मिटला आणि त्याच्या तळाचा गाळ हिमालयात उंच उचलला गेला. काकूंच्या देव्हाऱ्यातला तो काळा, आत चक्र असलेला शाळिग्राम तुला आठवतो ना? गंडकीत सापडणारे तसे शाळिग्राम म्हणजे त्या गाळात पुरल्या गेलेल्या अमोनाइट नावाच्या जलचरांचे जीवाश्म होत. पुढच्या खेपेस आलो की, काकूंच्या परवानगीने तो एकदा तळहातावर घेऊन पाहायचा आहे.

तुझा स्नेहांकित,
माधव