परवाना शेतकऱ्याला, नेम कोणी धरायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाचा पाऊस होऊन सोयाबीन वर आले की आमच्या जिंतूर-सेलू भागात दरवर्षी एकच मागणी उठते : हरणांच्या शिकारीचे परवाने द्या. अमेरिकेत सरकारी जंगलातसुद्धा परवाना काढून हरीण मारता येते, मग आपल्यालाच बंदी का, असे पारावरची पोरे मोबाइल दाखवून विचारतात. राग खोटा नाही. सोयाबीन दोन पानांवर असताना दलांच्या, म्हणजे बियातून निघणाऱ्या पहिल्या जाड पानांच्या, खालून खुडले गेले तर ते पुन्हा फुटत नाही. एकरी तीस किलो बियाणे, खत, पेरणीचे भाडे सगळे गेले, आणि दुबार पेरणी जुलैच्या मध्यापलीकडे सरकली की उतारा घटलाच. दिवसा हरणांचे कळप, अंधार पडला की रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरे. झटका मशीन लावा, साड्या बांधा, रात्रभर जागल करा, चार दिवसांत जनावर सरावते. काही जण मग तारेत थेट वीज सोडतात आणि त्या तारेला शेजारचा माणूसच चिकटतो. अशा बातम्या आपण छापता.

तरीही ही मागणी जशी केली जाते, तशी ती चुकीच्या दारात उभी आहे. आपल्या माळावरची हरणे म्हणजे काळवीट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्ले म्हणून त्याला मारण्याची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकालाही देता येत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरे न होण्याइतके जखमी वा आजारी असेल, तेवढीच सूट. एरवी मारले तर तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार दंड. ग्रामसभेत ठराव घेऊन टाळ्या मिळवणारे पुढारी हे सांगत नाहीत. उद्या एखाद्या पोराने ठरावाच्या जोरावर फासा लावला तर तुरुंगात तोच जाईल, ठरावाचा सूचक नाही.

रोही आणि रानडुकराचे मात्र वेगळे आहे. ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत, आणि उभ्या पिकाचे नुकसान हे कारण कायद्याच्या कलम ११ मध्येच लिहिलेले आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने हा परवाना देण्याचे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. म्हणजे परवाना आहेच. मग रोही कमी का दिसत नाहीत? कारण परवान्याचा कागद शेतकऱ्याच्या हातात पडतो आणि पुढचे सगळे त्याच्यावर सोडले जाते. अर्ज त्याने करायचा, बंदूकवाला त्याने शोधायचा, रात्री शेतात त्यानेच बसायचे. विहीर दाखवायची पण पोहरा-दोर द्यायचा नाही, असा हा कारभार. गावात बंदूक असतेच एखाद्याकडे, तीही निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. भरलेला रोही दोनशे किलोंच्या वर जातो. नेम चुकून तो जखमी झाला तर तीन शिवार तुडवत पळतो, आणि अंधारात कापसाच्या रानात गोळी चालवताना पलीकडे कोण जागलीला बसले आहे हे कळत नाही. मेलेले जनावर सरकारजमा, त्याचा पंचनामा वेगळा. शहाणा शेतकरी या फंदात पडतच नाही.

अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. तिथे प्रत्येक राज्याचे वन्यजीव खाते हंगामाआधी अंदाज घेते, कोणत्या भागात किती नर आणि किती माद्या मारू द्यायच्या हे ठरवते आणि त्या हिशेबाने परवाने काढते. संख्या कमी करायची असेल तिथे माद्यांचे परवाने वाढवतात, कारण नुसते शिंगवाले नर मारून कळप घटत नाही. मारलेल्या हरणाला बहुतेक राज्यांत परवान्याची चिठ्ठी लावावी लागते, अनेक ठिकाणी खात्याला कळवावेही लागते. मांस घरी खाता येते, विकता येत नाही. परवान्याच्या फीवर आणि १९३७ पासून बंदूक-काडतुसांवरच्या करावर हे खाते चालते. म्हणजे तिथला परवाना ही मोजणीची शेवटची पायरी आहे. आपल्याकडे मोजणीच नाही. जिंतूर तालुक्यात रोही किती, हे विचारले तर तहसीलपासून वनखात्यापर्यंत कोणी आकडा देणार नाही. अभयारण्यात पाणवठ्यांवर प्रगणना होते. आमची जनावरे अभयारण्यात राहतच नाहीत, ती शिवारात राहतात.

गायराने होती तेव्हा थोडे तरी गवत त्यांच्या वाट्याला यायचे. आज तिथे अतिक्रमणे आहेत, कुठे सौर पट्ट्या आहेत. शेतीला दिवसा मिळणारी ही सौर वीज आम्हीच मागितली होती, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

माझे म्हणणे एवढेच की शिकार ही शेतकऱ्याची जबाबदारी करू नका, खात्याची करा. बिहारने २०१६ मध्ये मोकामा भागात नीलगाई मारल्या तेव्हा बाहेरून कसलेले नेमबाज बोलावले होते. दिल्लीत त्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांत जुंपली, तो भाग सोडा; काम सरकारने अंगावर घेतले होते. केरळने २०२२ मध्ये रानडुकराबाबतचा निर्णय ग्रामपंचायत अध्यक्षाच्या हाती दिला. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला खात्याच्या पगारावर प्रशिक्षित नेमबाजांचे एक पथक का असू नये? हरभरा निघाल्यावर रान मोकळे असते, तेव्हा रोही आणि रानडुकरे मोजा, आकडा ठरवा आणि पेरणीआधी काम उरका.

आणि काळविटांना मारू नका, हलवा. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२५ मध्ये शाजापूर भागातल्या शेतांतून शेकडो काळविटे हेलिकॉप्टरने हाकत, नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या बोमा कुंपणात घेतली आणि गाडीत घालून गांधीसागरसारख्या अभयारण्यांत सोडली. खर्चिक आहे, पण दरवर्षीची भरपाई, पंचनाम्यांचे हेलपाटे आणि बुडालेले पीक यांचा हिशेब कोणी मांडला आहे का? २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांचे नुकसान पीकविम्यात घेण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. चांगले आहे. पण ७२ तासांत ॲपवर फोटो टाकायचा, आणि खाल्लेल्या रोपाच्या फोटोत रोही कसा दाखवायचा, हे कंपनीचा माणूस विचारणारच.

तोवर एक बिनखर्चाचे काम करता येईल. रोही-रानडुकराच्या परवान्यासाठी गेल्या वर्षी किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि प्रत्यक्षात किती जनावरे मारली गेली, हे तीन आकडे प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयाने मृगाच्या आधी दारावर लावावेत. आपल्या वार्ताहरांनी ते मागून तालुकावार छापावेत, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. जिंतूर, जि. परभणी