अँटेना वाढल्या, पायलटचे काय?

महोदय,

‘बेस स्टेशनवर जितक्या जास्त अँटेना, तितका जास्त वेग’ असा सूर मॅसिव्ह मायमोवरच्या (मोबाइल टॉवरवर डझनावारी अँटेना लावून एकाच वेळी अनेक फोनांशी बोलण्याच्या तंत्रावरच्या) बहुतेक लेखांत असतो. हे अर्धेच खरे. प्रत्येक अँटेनापासून प्रत्येक फोनपर्यंतच्या चॅनलचा (रेडिओलहरीच्या मार्गाचा) ॲम्प्लिट्यूड आणि फेज, म्हणजे लहर किती जोराने आणि कोणत्या टप्प्यावर पोचते, हे त्या क्षणी कळल्याशिवाय 64 अँटेनांचा बीम (लहरींचा झोत) नेमका वळवता येत नाही. आणि हे मोजमाप फुकट होत नाही: त्यासाठी आधीच ठरलेले संकेत, म्हणजे पायलट, पाठवावे लागतात.

हिशेब करून पाहा. 3.5 गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे 8.6 सेंटीमीटर. ताशी 60 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतला फोन साधारण 1.3 मिलिसेकंदात पाव तरंगलांबी सरकतो आणि आधीचे मोजमाप शिळे होते. 200 किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनल एकसारखा धरला, तर एका मोजमापावर जेमतेम 260 सिम्बॉल (प्रसारणाची एकके) निघतात, आणि पायलटही त्यांतूनच द्यायचे. एफडीडीत (जाण्या-येण्याला वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी) 64 अँटेनांना 64 पायलट, म्हणजे पाव भाग तिथेच गेला. फोनने मोजमाप परत कळवायचे ते निराळेच. टीडीडीत दोन्ही दिशांना एकच फ्रिक्वेन्सी असल्याने 12 फोनांनी 12 पायलट पाठवले की भागते, मग अँटेना 64 असोत की 256. मात्र हवेतला मार्ग जाता-येता सारखा असला, तरी ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची सर्किटे सारखी नसतात. अँटेनांचे आपसांतले कॅलिब्रेशन (जुळवणी) तापमानाने सरकले, की अपलिंक (फोनकडून टॉवरकडे) ठणठणीत आणि डाउनलिंकचा (टॉवरकडून फोनकडे) बीम भलतीकडे. (तक्रार आली की खापर हवेवर फुटते.)

खरी गोची शेजारच्या सेलची, म्हणजे शेजारच्या टॉवरच्या क्षेत्राची. तिथेही तेच 12 पायलट वापरले, तर लीस्ट स्क्वेअर्स या साध्या गणिती पद्धतीच्या अंदाजात दोन फोनांच्या चॅनलची बेरीजच हाती येते, आणि बीमचा काही भाग परक्या फोनकडे जातो. अँटेना वाढवल्या की नॉइज मागे पडतो, ही भेसळ मात्र तशीच राहते. संशोधक थॉमस मार्झेटा यांनी ते 2010 मध्येच दाखवून दिले होते. तीन-तीन सेलच्या गटात पायलट वेगळे ठेवायचे, तर 36 लागतात, म्हणजे 260 पैकी सुमारे 14 टक्के. एमएमएसई या अधिक हुशार अंदाजपद्धतीने वेगवेगळ्या दिशांचे फोन बऱ्याच अंशी सुटे होतात. पण त्यासाठी प्रत्येक फोनचा 64 बाय 64 चा कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स (अँटेनांवरचे संकेत एकमेकांशी कसे निगडित आहेत, याचा तक्ता) आधी मिळवावा लागतो, आणि दोन्ही फोन एकाच दिशेला असले तर तोही फारसा उपयोगी पडत नाही.

तेव्हा वेगाचे आकडे छापण्यापूर्वी बातमीदाराने दोनच प्रश्न विचारावेत: चाचणीत फोन उभा होता की चालत्या गाडीत, आणि शेजारचे सेल चालू होते की बंद?

— एक वाचक, दूरसंचार अभियंता