ढालीवरची लाल फुली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागलं की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय. रविवारी तू स्क्रीन शेअर करून फिल्मचा पहिला कट दाखवत होतीस आणि मी मध्येच विचारलं, "ते खाली कोपऱ्यात काय दिसतंय?" तुला वाटलं मी फिल्म बघतच नव्हते. बघत होते गं. जिन्यावरचा तो लांब शॉट, माणूस दिसत नाही आणि नुसती पावलं ऐकू येतात, तो अजून डोक्यातून गेलेला नाही. पण माझी निम्मी नोकरी लोकांच्या स्क्रीनचा उजवीकडचा खालचा कोपरा बघण्यात गेली. तिथे विंडोजची छोटीशी ढाल असते. तुझ्या ढालीवर लाल फुली होती.

तू म्हणालीस, "एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकण्यापुरतं अँटिव्हायरस बंद केलंय, होईल आपोआप चालू." मग मी बोलले, मग तू बोललीस, मग कॉल कट झाला. बाबांना मी नेटवर्क गेलं एवढंच सांगितलंय.

आता भाषण देणार नाही असं ठरवून बसलेय. बघू किती जमतं.

आपोआप चालू होतं हे तुझं खरं आहे. रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे अँटिव्हायरसचा सततचा पहारा, बंद केलं तरी थोड्या वेळाने विंडोज ते स्वतःच चालू करतं. पण पैसे न भरता सॉफ्टवेअर चालावं म्हणून त्याचं कुलूप तोडून वाटतात ना, त्या क्रॅकवाल्यांनाही हे ठाऊक असतं. म्हणून झिपमधल्या सूचनांच्या फाइलमध्ये पुष्कळदा आणखी एक ओळ असते: हे फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका. ते केलं असशील तर ढाल छान हिरवी दिसेल आणि त्या फोल्डरकडे अँटिव्हायरस ढुंकूनही बघणार नाही. केलंयस का ते? विंडोज सिक्युरिटी उघड, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज'वर जा आणि पार तळाशी ये. तिथे एक्सक्लूजनची यादी आहे. तू मुद्दाम घातलेलं काही नसेल तर ती रिकामीच असायला हवी.

आणि त्या झिपला पासवर्ड होता ना? डाउनलोडच्या पानावरच लिहिलेला, १२३४ किंवा तसलाच काहीतरी? जो पासवर्ड सगळ्या जगाला उघड सांगायचा तो घालायचाच कशाला, असा प्रश्न तुझ्यासारख्या मुलीला पडायला हवा होता. तो तुझ्यासाठी नसतोच. कुलूपबंद झिपच्या आत स्कॅनरला बघता येत नाही, म्हणून ब्राउझर आणि ईमेलच्या तपासणीतून ती सुखरूप तुझ्यापर्यंत पोचते. पुढचं उघडायचं काम तू करतेस.

हे बघ, झालंच सुरू.

तुझा मुद्दा मी विसरलेले नाही. क्रॅक म्हटलं की अँटिव्हायरस ओरडणारच, तो फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटा इशारा, असतो, असं तू म्हणालीस. कधीकधी असतोही. लायसन्सची तपासणी उडवून लावणारा प्रोग्रॅम, बाकी काही न करणारा असला, तरी अँटिव्हायरस त्याला संशयित ठरवतं. पण मग खरा चोर आला तर तो ओरडा वेगळा कसा ओळखणार तू? लोकांना तो ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय लागलीय, आणि चोरांना तेच हवं असतं. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी फाइलवर डिजिटल सही करते. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिजिटल सिग्नेचर्स', तिथे ती दिसते. सही केलेल्या फाइलमध्ये एक बाइट जरी बदलला तरी ती सही जुळत नाही. क्रॅक म्हणजेच बदललेली फाइल. त्यामुळे चांगला बदल कुठला आणि वाईट कुठला हे सांगणारी खूण तिथे उरतच नाही.

दुसरा मुद्दा तू माझ्याच तोंडचा मला ऐकवलास. "सीक्लीनर तर अधिकृत साइटवरून उतरवलं होतं ना लोकांनी?" कॉम्प्युटरमधला कचरा साफ करणारं ते सॉफ्टवेअर. हो, उतरवलं होतं. २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ आवृत्तीत घुसखोरांनी आपला कोड घातला, वर कंपनीची खरी सही होती आणि २२ लाखांहून जास्त लोकांकडे ती पोचली. मीच तुला सांगितलं होतं, कारण तेव्हा आमच्याकडे सलग मशीन तपासणं चाललं होतं. पण पुढचं तू सोडून दिलंस. सुमारे महिन्याभरात ते पकडलं गेलं, कंपनीने जाहीर केलं, नवी आवृत्ती दिली, कुणी काय करायचं ते सांगितलं. तू टाकलेल्या क्रॅकमध्ये उद्या काही निघालं, तर तुला कळवणार कोण?

मला पैशाची भीती नाही वाटत. तुझ्या खात्यात काय आहे ते मला माहीत आहे, हस बघू. भीती तुझ्या ईमेलची वाटते. नितीनदादाचं ईमेल खातं चोरीला गेलं तेव्हा तू दहावीत होतीस, त्यामुळे आतली गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. त्याचा पासवर्ड चांगला लांबलचक होता, ओटीपीही चालू होता. तरी गेलं. असल्या सेटअपमधून येणारे चोर बहुतेक वेळा पासवर्डच्या वाटेने जातच नाहीत, ब्राउझरमधल्या कुकी उचलतात. जत्रेत एकदा तिकीट दाखवलं की मनगटावर शिक्का मारतात आणि मग दिवसभर कुणी तिकीट विचारत नाही, तशी ती कुकी. तो शिक्काच चोरला की पासवर्ड नको, ओटीपी नको. काही सेकंदांत काम उरकतं, पुष्कळदा तो प्रोग्रॅम स्वतःला पुसूनही टाकतो. कॉम्प्युटर मंद होत नाही, पडद्यावर कवटी येत नाही. "मला काहीच झालेलं नाही" असं तू म्हणालीस ना, त्यानेच माझी झोप उडाली.

तू सात-आठ वर्षांची असताना आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर कसलासा मासे पकडायचा गेम टाकला होतास. दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडला तर वर एकाखाली एक टूलबार, आणि खाली वाचायला चार बोटं जागा. मी रागावले नाही, आठवतंय? तुला शेजारी बसवून तोच सेटअप पुन्हा चालवला. 'नेक्स्ट' दाबायच्या आधी प्रत्येक पानावर कुठे काय आधीच टिक करून ठेवलंय ते शोधायचं, 'कस्टम' निवडायचं, नको ते काढायचं. तुला तो मूळ गेमपेक्षा भारी खेळ वाटला. हनुवटी टेबलावर टेकवून एकेक ओळ मोठ्याने वाचायचीस आणि टिक सापडली की ओरडायचीस, "आई, अजून एक लबाड!" नंतर कितीतरी दिवस शेजारच्यांच्या घरी जाऊन त्यांचे लबाड शोधत होतीस. बाबा म्हणायचे, ही पोरगी तुझ्याच खात्यात जाणार. गेली नाहीस, बरंच झालं. जिन्यावरचा शॉट मला कुठे सुचला असता.

आणि आजीचा फोन कुणी लावून दिला? तूच. मी बघितलं होतं हं तू काय काय केलंस ते. अँड्रॉइडमध्ये बाहेरून ॲप टाकायची परवानगी आता सरसकट नसते, २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ती एकेका ॲपला वेगळी द्यावी लागते. तर तू ब्राउझर, व्हॉट्सॲप, फाइल मॅनेजर, एकेकात जाऊन ती बंद असल्याची खात्री केलीस. म्हणजे कुणी एपीके, ॲप बसवायची फाइल, पाठवली आणि आजीने दाबली तरी ती सहजासहजी बसणार नाही. ॲक्सेसिबिलिटीच्या परवानगीचं तर तू तिला इतकं नीट सांगितलंस की मी दारात उभी राहून ऐकत होते. ही सोय ज्यांना दिसत नाही किंवा हात चालत नाहीत त्यांच्यासाठी आहे; ती दिली की ॲपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुझ्या वतीने बटणंही दाबता येतात; म्हणून कुठलंही भलतं ॲप ती मागायला लागलं की फोन खाली ठेवायचा आणि मला विचारायचं. आजी ते अजून पाळते. प्ले स्टोअरवरसुद्धा नुसत्या नावावर जाऊ नको, हेही तूच तिला बजावलंस. २०१७ मध्ये तिथे खोटं व्हॉट्सॲप आलं होतं, कंपनीच्या नावापुढे न दिसणारी एक मोकळी जागा सोडून, आणि दहा लाखांवर लोकांनी ते उतरवलं होतं. हे सगळं जिला ठाऊक, तिने स्वतःच्या कॉम्प्युटरचं अँटिव्हायरस बंद करावं?

माफ कर. हे टोचून बोलणं झालं. खोडत नाही, कारण वाटलं ते खरंच वाटलं, पण तू घाईत होतीस, सबमिशन होतं, आणि वर्गातल्या सगळ्यांकडे तेच आहे हेही मला कळतं.

आणखी एक मला कळतं, ते तू बोलली नाहीस. आमच्याकडे पैसे मागायचे नव्हते. सॉफ्टवेअर घेऊन देते म्हटलं की तुझा आवाज बदलतो. त्याचा मला अभिमान वाटतो आणि त्याचाच त्रासही होतो. मग फुकटच हवं तर सरळ फुकट असलेलं घे ना. दा विंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती मोफत आहे आणि तुझ्या फिल्मला ती पुरून उरेल. केडेनलाइव्ह, शॉटकट ही तर मुक्त सॉफ्टवेअर आहेत. हात बसायला वेळ लागेल, मला माहीत आहे. फक्त नाव सर्च करून वरच्या पहिल्या लिंकवर जाऊ नको, ती जाहिरात असू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कीपासच्या नावाने गुगलवर अशी जाहिरात लागली होती. जाहिरातीत पत्ता खरा दिसायचा. क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यात मात्र इंग्रजी 'के'च्या खाली एक बारीकशी खूण होती. पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायला निघालेली सावध माणसं ती, त्यांच्यासाठी लावलेला सापळा. आणि एखादं पान "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणून विंडोज आणि आर दाबायला लावून काही पेस्ट करायला सांगत असेल तर तिथूनच परत फिर. ती तपासणी नसते, तू स्वतःच्या हाताने त्यांची कमांड चालवतेस.

आता करायचं काय. आज रात्री, उद्या नको. फोनवरून कर, त्या कॉम्प्युटरवरून नाही, नाहीतर नवा पासवर्डही त्यांच्याच हातात जाईल. आधी ईमेलचा पासवर्ड, कारण बाकी सगळ्यांची दुरुस्ती ईमेलवरूनच होते. लगेच 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट', म्हणजे चोरलेल्या कुकी निकामी होतील. हे विसरू नको, लोक नुसता पासवर्ड बदलून थांबतात. मग बँक, मग फिल्मचं चॅनल. कॉम्प्युटरचं म्हणशील तर एक्सक्लूजन काढून ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू व्हायच्या आधी होणारी तपासणी) कर, पण माझं मत विचारशील तर पुसून विंडोज नव्याने टाक. स्कॅनमध्ये काही सापडलं नाही म्हणजे काही नव्हतंच, असं मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही, तुला कसं सांगू?

पुसायला घेशील तेव्हा फोन कर. मी काही बोलणार नाही, नुसती लाइनवर राहीन. बरं, थोडं बोलेन.

तुझी,
आई

ता. क. पुसण्याआधी फिल्मचं फुटेज, साउंड आणि प्रोजेक्ट फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर काढ. सेटअप किंवा झिप त्यातली एकही उचलू नको, जुनी असली तरी. फाइलच्या नावांचे शेपूट दिसेल अशी सेटिंग आधी चालू कर. विंडोज ते लपवतं आणि 'स्क्रिप्ट डॉट पीडीएफ' म्हणून दिसणारी फाइल मागे 'डॉट ईएक्सई' असू शकते. जिन्याच्या शॉटचा मूळ साउंड दोन ठिकाणी ठेव.