अभ्यासिकेतून परतल्यावर

मिरज, ८ डिसेंबर

चि. सौरभ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तुला पाहिले, तेव्हापासून तुझा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. पापण्या सुजलेल्या होत्या, आणि बोलता बोलता तुझा हात सारखा मानेकडे जात होता. 'हवा कोरडी आहे' असे तू म्हणालास. ते खरेच, पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रात्री अडीचपर्यंत बसून सकाळी सातला पुन्हा जागा धरायला धावणाऱ्या मुलाचा इसब केवळ हवेने उसळला, हे मला पटत नाही.

लहानपणी तू दिवसा खेळण्याच्या नादात खाज विसरायचास आणि रात्री मात्र झोपेतच कोपरांच्या खोबणी ओरबाडून चादरीवर रक्ताचे ठिपके पाडायचास. असे का होते, ते मला पुढे रुग्णालयात नोकरी करताना समजले. संध्याकाळनंतर त्वचा गरम होते, तिच्यातून पाणी अधिक उडून जाते, आणि दाह आवरणारे कॉर्टिसॉल हे शरीरातले संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. म्हणून खाज नेमकी त्याच वेळी वाढते. झोप अपुरी राहिली की त्वचेचा फाटलेला वरचा थर सावकाश भरतो, तो उघडा राहिला की खाज सुटते, आणि खाजेने उरलीसुरली झोपही मोडते. मी इतकी वर्षे रात्रपाळ्या केल्या, कारण त्या मला टाळता येत नव्हत्या. तुझे जागरण मात्र तुला टाळता येण्यासारखे आहे, आणि म्हणूनच ते मला अधिक लागते.

स्वीडनमधल्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २३ तरुण-तरुणींची छायाचित्रे एकदा पुरेशा झोपेनंतर आणि एकदा जागरणानंतर काढून ती ६५ जणांना दाखवली होती. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पाहणाऱ्यांना जागरणाविषयी काहीच सांगितलेले नव्हते, तरी जागरणानंतरचे चेहरे त्यांना अधिक थकलेले आणि कमी निरोगी वाटले. म्हणजे जे मला दिसले, ते उद्या मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्या परक्या माणसांनाही दिसेल. डोळ्यांखालच्या काळेपणाची मात्र फार चिंता करू नकोस. तो तुझ्या बाबांनाही आहे आणि आजोबांनाही होता. झोपेने सूज उतरेल, पण तो रंग सगळा जाणार नाही, आणि त्यात तुझा काही दोष नाही.

खोलीतल्या मित्राने दिलेली ती ट्यूब चेहऱ्याला लावणे आजच थांबव. अशा मलमांत बहुधा स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, पण चेहऱ्याला फार दिवस लावले तर कातडी पातळ आणि लाल होते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखव आणि ते सांगतील तेवढेच, तितकेच दिवस लाव.

अकराला अभ्यासिका सोड आणि सात तास तरी झोप. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. आंघोळीला कढत पाणी घेऊ नकोस आणि अंग टिपल्यावर, ते ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लाव.

रविवारी काकांबरोबर डबा पाठवते आहे. त्यात मऊ सुती कापडाचे चार अभ्रे आहेत. दर तीन-चार दिवसांनी बदल, धुतलेले नीट खळबळून घे, साबण राहू देऊ नकोस. पोहोचल्यावर फोन कर, पण दहाच्या आत.

तुझी,
आई